फ्लॅटहेड कॅटफिश : टेक्सासमध्ये सोडायचा आणि पेन्सिल्व्हेनियात ठेवायचा?

नदीकाठ

नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने आम्ही डॅलसहून हॅरिसबर्गला राहायला आलो आहोत. टेक्सासमध्ये असताना ट्रिनिटी नदीवर रात्री गळ टाकून फ्लॅटहेड पकडण्याचा छंद मला लागला आणि तो इथेही चालू ठेवायचा आहे. तिथे आमच्या गटाचा एक अलिखित नियम होता. खाण्यासाठी लहान मासा ठेवावा, पण वीस-पंचवीस पौंडांच्या पुढचा मासा हात ओले करून, पोटाखाली आधार देऊन परत पाण्यात सोडावा, कारण एवढे वजन व्हायला त्या माशाला अनेक वर्षे लागलेली असतात.

इथे सस्क्वेहॅना नदीवर चित्र नेमके उलटे आहे. राज्याचा मत्स्य विभाग सांगतो की या नदीत फ्लॅटहेड परका आणि उपद्रवी आहे, तेव्हा लहान असो वा मोठा, पकडलेला मासा सोडू नये. ज्या माशाला मी इतकी वर्षे जपून सोडत आलो, तोच मासा केवळ नदी बदलली म्हणून मारायचा, हे मनाला सहज पटत नाही. तुमच्यापैकी कोणी दोन्ही प्रकारच्या नद्यांवर मासेमारी केली असेल तर तुमचे मत वाचायला आवडेल.

दुसरा प्रश्न तंत्राचा आहे. ट्रिनिटी गढूळ आहे, तिच्यात पडलेल्या झाडांचे ढीग आहेत आणि मासा कुठे असेल हे काठावरून कळते. सस्क्वेहॅना रुंद, उथळ आणि खडकाळ आहे. इथे त्याला शोधायचे कुठे?

---

कॅन्ससकर

पहिल्या प्रश्नावर मी नंतर लिहीन. आधी हा मासा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

फ्लॅटहेडचे शास्त्रीय नाव पायलोडिक्टिस ऑलिव्हॅरिस असे असून पायलोडिक्टिस या वंशात (genus) ही एकच जात आहे. मिसिसिपी, मिसुरी आणि ओहायो या नद्यांची खोरी, मोबाइल खोरे, रिओ ग्रांदे आणि तिथून ईशान्य मेक्सिकोपर्यंतचा प्रदेश हे त्याचे मूळ घर. म्हणजे टेक्सास आणि आमचे कॅन्सस त्याच्या मूळ प्रदेशात येतात. गळाने पकडलेल्या सर्वांत मोठ्या फ्लॅटहेडचा जागतिक विक्रमही आमच्याच राज्यातला आहे. 1998 मध्ये इंडिपेंडन्स गावाजवळच्या एल्क सिटी जलाशयात 123 पौंडांचा, म्हणजे जवळपास 56 किलोंचा मासा मिळाला होता. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

इतर कॅटफिश आणि हा यांच्यातला मुख्य फरक आहाराचा आहे. चॅनेल कॅटफिशला कुजका वास असलेले आमिष, कोंबडीची कलेजी, पिठाचे गोळे, काहीही चालते. मोठा झालेला फ्लॅटहेड मात्र शिकारी असतो आणि त्याला जिवंत मासा लागतो. दिवसभर तो ओंडक्यांखाली, काठाच्या कपारीत किंवा खोल डोहात पडून राहतो. अंधार पडला की बाहेर येतो आणि पुष्कळदा गुडघाभर पाण्यातही शिकार करतो.

---

रेवा_ऑस्टिन

चॅनेल, ब्लू आणि फ्लॅटहेड हे तिन्ही एकाच पाण्यात मिळतात. हातात आलेला मासा नेमका कोणता, हे कसे ओळखायचे?

---

कॅन्ससकर

रेवाताई, जबडा पाहा. फ्लॅटहेडचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला असतो, तर ब्लू आणि चॅनेलमध्ये वरचा जबडा पुढे असतो. त्या दोघांची शेपटी खोल दुभंगलेली असते, फ्लॅटहेडची जवळजवळ सरळ कापल्यासारखी दिसते. रंग पिवळसर तपकिरी, त्यावर गडद डाग, आणि लहान माशात शेपटीच्या वरच्या टोकाला पांढुरका ठिपका. डोके तर फावड्यासारखे चपटे असतेच. टेक्सासमध्ये त्याला यलो कॅट म्हणतात, काही ठिकाणी ऑपेलूसस किंवा नुसते ऑप म्हणतात.

हे ओळखणे टेक्सासमध्ये आवश्यकही आहे, कारण तिथे फ्लॅटहेडसाठी किमान लांबी 18 इंच आणि दिवसाला 5 मासे असा स्वतंत्र नियम आहे. शिवाय छातीच्या परांतील काटे टोकदार असतात, ते ध्यानात ठेवून मासा धरावा.

---

डोहशोधक

मी पिट्सबर्गला राहतो, त्यामुळे नदीकाठ यांच्या प्रश्नाला आणखी एक पदर जोडतो. पेन्सिल्व्हेनियाच्या पश्चिमेकडच्या अ‍ॅलेगेनी, मनाँगहीला आणि ओहायो या नद्या ओहायोच्या खोऱ्यात येतात आणि तिथे फ्लॅटहेड मूळचाच आहे. पूर्वेकडच्या सस्क्वेहॅना आणि डेलावेअर या खोऱ्यांत तो माणसामुळे आला. म्हणजे एकाच राज्यात, एकाच परवान्यावर, डोंगराच्या या बाजूला तो घरचा आहे आणि त्या बाजूला घुसखोर. मी पिट्सबर्गमध्ये मोठे मासे सोडतो आणि हॅरिसबर्गला गेलो की एकही सोडत नाही. यात मला विसंगती वाटत नाही. माशाचा दोष काहीच नाही, पण नदीचे हित पाहायचे तर वागणे नदीनुसारच ठरते.

तंत्राविषयी : सस्क्वेहॅनात ओंडक्यांऐवजी खडकांच्या पायऱ्या शोधा. उथळ खडकाळ पट्टा संपून पाणी जिथे अचानक खोल होते, जिथे मोठ्या खडकामागे प्रवाह मंदावतो, पुलाच्या खांबांभोवती जिथे तळ खरवडला गेला आहे, तिथे तो दिवसा बसतो. रात्री त्याच डोहाच्या वरच्या टोकाला, उथळ पाण्याच्या कडेला चढतो. आमिष डोहाच्या मध्यभागी टाकण्यापेक्षा या कडेवर टाका.

एक कळकळीची सूचना आहे. हॅरिसबर्गच्या डॉक स्ट्रीट बंधाऱ्याजवळ होडी किंवा कयाक नेऊ नका. दिसायला तो बुटका आहे, पण त्याच्या खाली पाणी उलटे फिरते आणि त्या भोवऱ्यात सापडलेला माणूस बाहेर येऊ शकत नाही. तिथे अनेकांचे जीव गेले आहेत.

---

नदीकाठ

डोहशोधक, फार उपयुक्त माहिती दिलीत. बंधाऱ्याची सूचना लक्षात ठेवली आहे. मी सध्या काठावरूनच गळ टाकतो.

---

मीरा_कॅरोलायना

मी उत्तर कॅरोलायनात राहते, तेव्हा ‘परका मासा’ म्हणजे नेमके काय, हे आमच्याकडच्या उदाहरणावरून सांगते.

1966 मध्ये आमच्या केप फिअर नदीत, फेएटव्हिलच्या परिसरात, अवघे 11 मोठे फ्लॅटहेड सोडण्यात आले होते. पुढच्या पंधरा वर्षांत ते नदीच्या मोठ्या पट्ट्यात पसरले आणि तिथले प्रमुख शिकारी मासे बनले. त्यांच्या पोटांत बुलहेड जातीचे छोटे कॅटफिश मोठ्या प्रमाणात सापडत आणि नदीतल्या बुलहेडची संख्या घसरली. जॉर्जियात अल्टामाहा नदीवर तेच झाले. तिथला रेडब्रेस्ट सनफिश हा लोकांच्या आवडीचा, लहान मुलांनी पहिल्यांदा गळाला लावायचा मासा. फ्लॅटहेड आल्यावर त्याची संख्या झपाट्याने कमी झाली.

ज्या नदीत हा शिकारी हजारो वर्षे आहे, तिथले छोटे मासे त्याच्यासोबत जगायला शिकलेले असतात. जिथे तो कधी नव्हताच, तिथल्या माशांना अशा शिकाऱ्यापासून वाचण्याची सवयच नसते. सस्क्वेहॅनात तर अमेरिकन शॅड आणि ईल या स्थलांतर करणाऱ्या माशांना परत आणण्यासाठी कोनोविंगो धरणापासून वर अनेक दशके प्रयत्न चालू आहेत. वर चढून येणाऱ्या त्या माशांच्या वाटेवर मोठ्या तोंडाचा नवा शिकारी बसवणे हा त्या सगळ्या कष्टांवर अन्याय आहे. म्हणून मासा ठेवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

---

गळ_आणि_दोर

मीराताईंचा मुद्दा समजला, पण मला एक शंका आहे. काठावर बसणारे आपल्यासारखे हौशी लोक वर्षभरात किती मासे काढणार? नदी एवढी मोठी आहे, आणि एक मादी तिच्या आकारानुसार काही हजारांपासून लाखापर्यंत अंडी घालते. आपण एक मोठा, सुंदर मासा मारून नदीचे काही भले होते की केवळ आपल्या मनाचे समाधान होते? मी स्वतः ओहायोत मासेमारी करतो, तिथे हा प्रश्न येत नाही. पण मी पूर्वेकडे असतो तर मोठा मासा मारताना माझा हात अडखळला असता.

---

मीरा_कॅरोलायना

शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर जॉर्जियातच शोधता येते. तिथल्या सॅटिला नदीत 2007 पासून राज्याचे एक पथक विजेच्या सौम्य प्रवाहाने फ्लॅटहेड वर आणून काढत आले आहे. कमी वारंवारितेचा प्रवाह कॅटफिशवर चांगला परिणाम करतो आणि इतर माशांना फारसा त्रास होत नाही. काही वर्षांत मोठे मासे कमी झाले आणि माशांचे सरासरी वजन खूप खाली आले. पण उरलेले मासे लवकर वयात येऊ लागले. म्हणजे काढणे थांबवले तर संख्या पुन्हा वाढणार, हे उघड आहे.

यावरून मी असा निष्कर्ष काढते की मासा नदीतून पूर्ण नाहीसा होणार नाही, पण मोठ्या माशांची संख्या दाबून ठेवता येते, आणि सनफिशसारख्या माशांवर सर्वाधिक ताण या मोठ्या माशांचाच असतो. जिथे सरकारी पथक नाही तिथे हे काम गळ टाकणाऱ्यांनीच करायचे आहे. मोठी मादी सोडून लहान मासे ठेवणे ही सवय तिथे उलटी पडते.

---

भीमातीर

मी इंदापूरजवळचा. अमेरिकेतले मासे मी पाहिलेले नाहीत, पण हा धागा वाचून राहवले नाही. उजनी धरणात चिलापीने, म्हणजे तिलापियाने, काय केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. भिगवणच्या बाजारात पूर्वी ज्या गावठी माशांच्या टोपल्या असत, तिथे आता चिलापीचे ढीग असतात. आफ्रिकन मागूर या परक्या माशाच्या पालनावर तर भारतात 2000 साली बंदी घालावी लागली, कारण तो तळ्यातून निसटून नदीत गेला की दिसेल ते खातो.

आमच्या नदीतला या फ्लॅटहेडच्या स्वभावाचा मासा म्हणजे शिवडा. तोही मोठ्या तोंडाचा, तोही दिवसा डोहात पडून राहतो आणि तोही जिवंत माशावर येतो. पण तो आमच्या नदीतलाच आहे आणि आता तो कमी होत चालला आहे. मोठा शिवडा मिळाला तर सोडावा असे मला वाटते, आणि मोठा मागूर मिळाला तर कोणीही सोडू नये असेही वाटते. नदीकाठ यांना पडलेला प्रश्न आम्हाला इथे याच स्वरूपात पडतो.

---

डोहशोधक

भीमातीर काका, शिवड्यासाठी तुम्ही गळाला काय लावता?

---

भीमातीर

जिवंत बेडूक किंवा बोटभर लांबीचा जिवंत मासा. माशाच्या पाठीच्या पराखाली, कण्याला न लागता गळ ओवायचा, म्हणजे तो बराच वेळ पोहत राहतो.

---

ट्रिनिटीवाला

नदीकाठ, तुम्ही डॅलस सोडल्याचे या धाग्यावरून कळले. पलीकडच्या नदीत यश मिळो.

आमिषाचा विषय निघालाच आहे तर त्यावर सविस्तर लिहितो, कारण फ्लॅटहेडमध्ये सगळे त्यावरच आहे. टेक्सासमध्ये ब्लूगिल आणि इतर सनफिश हे खेळाच्या माशांत (‘गेम फिश’च्या सरकारी यादीत) मोडत नाहीत, त्यामुळे ते आमिष म्हणून वापरता येतात. इतर राज्यांत असेलच असे नाही, म्हणून आधी नियम वाचावेत. तळहाताएवढा ब्लूगिल हे माझे पहिले पसंतीचे आमिष आहे, कारण तो चिवट असतो आणि रात्रभर हालचाल करतो. शॅड लवकर मरतो. बुलहेड सर्वांत टिकाऊ. मेलेल्या माशाचे ताजे तुकडेही कधी चालतात, विशेषतः वसंतात पाणी नुकतेच तापत असताना, पण मोठ्या माशासाठी मी जिवंतच लावतो.

मांडणी साधी ठेवावी. 50 ते 80 पौंड ताणाची विणलेली दोरी, त्यावर सरकते चपटे शिसे, मग स्विव्हल (फिरती कडी), आणि त्याखाली जेमतेम फूटभर लांबीची जाड नायलॉन दोरी. ही शेवटची दोरी लांब ठेवली तर जिवंत मासा तिला घेऊन ओंडक्याभोवती गुंडाळून घेतो आणि मग सगळेच अडकते. गळ 8/0 ते 10/0 मापाचा, गोल वळणाचा सर्कल हूक. तो वापरताना मासा ओढू लागला की झटका द्यायचा नाही. काठी आपोआप वाकू द्यायची आणि मग सावकाश रीळ फिरवायचे, म्हणजे गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका दिला की तो तोंडातून निसटून येतो. रीळला खटखट वाजणारा क्लिकर असावा, कारण अंधारात दोरी दिसत नाही.

---

रेवा_ऑस्टिन

माझा भाऊ सर्कल हूक लावूनही जोरात झटका देतो आणि मासे सुटतात. त्याला हा प्रतिसाद वाचून दाखवते.

---

मिनेसोटाची_माधुरी

ट्रिनिटीवाला यांनी आमिषाविषयी लिहिले त्याला एक जोड देते. जिवंत आमिष एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. सिल्व्हर कार्पची पिल्ले शॅडच्या पिल्लांसारखीच दिसतात, आणि बादलीतल्या पाण्यात झेब्रा शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले असू शकतात. जिथे गळ टाकायचा तिथलेच आमिष पकडावे आणि उरलेले पाणी जमिनीवर ओतावे. अनेक राज्यांत तसा कायदाच आहे. सस्क्वेहॅनात फ्लॅटहेड पोहोचला तोही बहुधा कोणीतरी उचलून आणल्यामुळे. त्यामुळे ही काळजी आपण सगळ्यांनी घेतली पाहिजे.

ऋतूविषयीही लिहिते. आमच्याकडे मिनेसोटा आणि सेंट क्रॉय या नद्यांत हा मासा मूळचा आहे, आणि इथे त्याच्या प्रदेशाची उत्तर सीमा येते. पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या खाली गेले की तो खोल डोहात जाऊन जवळजवळ निश्चल पडून राहतो. काही माशांच्या अंगावर गाळ बसलेला पाणबुड्यांनी पाहिला आहे. एकाच डोहात असे अनेक मासे एकत्र असतात आणि त्यांना आकड्याने ओढून काढणे फार सोपे असते. म्हणूनच इथे डिसेंबर ते मार्च अखेरपर्यंत फ्लॅटहेडची मासेमारी बंद असते, आणि उरलेल्या काळातही दिवसाला दोनच मासे ठेवता येतात, त्यातला 24 इंचांपेक्षा मोठा एकच. मी मोठा मासा कधीच ठेवत नाही.

सर्वोत्तम काळ म्हणजे अंडी घालण्यापूर्वीचे आठवडे, पाणी साधारण 60 ते 70 अंशांच्या दरम्यान असताना, आणि पुन्हा शरद ऋतूत थंडी पडण्यापूर्वी. अंडी घालण्याच्या दिवसांत नर कपारीत घरट्यावर बसून शेपटीने अंड्यांवर पाणी खेळते ठेवतो. तेव्हा तो फारसा खात नाही, आणि काठावर बसलेल्याला नदी रिकामी वाटते.

---

कॅन्ससकर

माधुरीताईंनी घरट्याचा विषय काढला म्हणून हाताने मासा पकडण्याच्या प्रकाराविषयी, म्हणजे नूडलिंगविषयी, लिहितो. ओक्लाहोमात हा जुना प्रकार आहे. माणूस पाण्यात उतरून कपारीत हात घालतो, घरटे राखणारा नर त्याला चावतो आणि मग त्यालाच बाहेर ओढतात. पॉल्स व्हॅली गावात 2000 सालापासून त्याची स्पर्धा भरते. टेक्सासने 2011 मध्ये त्याला कायदेशीर मान्यता दिली. मिसुरीने काही काळ प्रयोग म्हणून परवानगी दिली होती, ती पुढे काढून घेतली.

धाडस म्हणून मला त्या लोकांचे कौतुक वाटते, पण मूळच्या नदीत मी ते करणार नाही. नर उचलला की मागे राहिलेल्या अंड्यांचे रक्षण करायला कोणी उरत नाही.

---

गळ_आणि_दोर

कॅन्ससकर, इथे मी असहमत आहे. ओक्लाहोमाच्या जलाशयांत कपारी असंख्य आहेत आणि पाण्यात उतरणारी माणसे थोडी. शिवाय ती त्या लोकांची पिढ्यान् पिढ्यांची परंपरा आहे. ट्रॉटलाइनवर शंभरभर गळ लावून रात्रभर सोडून देणाऱ्याला आपण काही म्हणत नाही, आणि स्वतःचा हात माशाच्या तोंडात घालणाऱ्याला दोष देतो, हे मला न्याय्य वाटत नाही.

---

कॅन्ससकर

ट्रॉटलाइनबाबत तुमचे म्हणणे मान्य आहे. सोडून दिलेल्या दोरीवर मोठे मासे तडफडून मरतात, ते मलाही खटकते. घरट्यावरच्या नराबाबत मात्र माझे मत कायम आहे.

---

सुगरण_सिनसिनाटी

इतके सगळे जण ‘ठेवा’ म्हणत आहेत, तर ठेवलेल्या माशाचे काय करायचे तेही सांगायला हवे. जिवंत मासे खाणारा असल्यामुळे फ्लॅटहेडचे मांस घट्ट, पांढरे आणि चॅनेल कॅटफिशपेक्षा चवीला सरस असते. मासा पकडल्यावर डोक्यावर एक नेमका आघात करून त्याला लगेच मारावे, कल्ल्यापाशी रक्त काढावे आणि बर्फात ठेवावे. दोरीला बांधून तासन् तास पाण्यात ठेवला तर त्याचे हाल होतात आणि मांसही बिघडते. घरी आल्यावर डोक्यामागे कातडीला गोल चीर देऊन पकडीने ती ओढून काढावी. आतला लालसर थर आणि पिवळी चरबी पूर्ण काढून टाकावी, कारण गाळकट वास तिथेच असतो. मग कोकम, लसूण, लाल तिखट लावून तुकडे अर्धा तास मुरवावेत आणि तांदळाच्या पिठात घोळवून तळावेत. तिरफळ घातलेल्या कालवणातही हे तुकडे फुटत नाहीत.

पण एक इशारा आहे. आमच्या ओहायो नदीतल्या माशांत पीसीबी हे रसायन आढळते, आणि ट्रिनिटीच्या डॅलस-फोर्ट वर्थ भागातील माशांविषयीही टेक्सासच्या आरोग्य खात्याने सूचना दिलेली आहे. मासा जितका मोठा आणि जुना, तितके हे विष आणि पारा त्याच्या अंगात अधिक साठलेला असतो. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांच्याबाबत राज्याची सूचना वाचल्याशिवाय ताटात वाढू नये.

---

नदीकाठ

सुगरणताई, म्हणजे सस्क्वेहॅनातला चाळीस पौंडांचा मासा मी ठेवायचा, पण खायचा नाही? मग त्याचे करायचे काय?

---

सुगरण_सिनसिनाटी

तुमच्या पट्ट्यासाठी काय सूचना आहे ते आधी पाहा. खाण्याजोगा असेल तर चरबी काढून, थोडे थोडे, महिन्यात विभागून खा. नसेल तर बागेत खोल खड्डा करून पुरा, झाडांना उत्तम खत होते. मारून काठावर फेकून देऊ नका. बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे आणि माशाचाही अपमान आहे.

---

ट्रिनिटीवाला

बागेत खोल पुरा हे खरे. आमच्या शेजाऱ्यांनी वरवर पुरला आणि रकूनने रात्रीत उकरून सगळ्या गल्लीला मेजवानीचे आमंत्रण दिले.

---

डोहशोधक

नदीकाठ, तंत्राविषयी एक गोष्ट राहिली होती. एकाच जागी रात्रभर बसायचे की फिरत राहायचे, यावर इथे बरेच मतभेद आहेत. माझा अनुभव असा की दिवस मावळल्यावर पहिले दोन-तीन तास एका चांगल्या डोहाच्या वरच्या कडेवर द्यावेत, कारण मासा तेव्हाच बाहेर पडतो. त्यात काही झाले नाही तर जागा बदलावी. पाऊस पडून पाणी हळूहळू चढत असेल तर काठाजवळच्या, नुकत्याच बुडालेल्या गवताच्या कडेला आमिष टाका. तिथे लहान मासे येतात आणि त्यांच्यामागे तो येतो.

---

मिनेसोटाची_माधुरी

मी बसून राहणाऱ्यांपैकी आहे. रेडिओ ट्रान्समीटर लावलेल्या फ्लॅटहेडच्या अभ्यासांत असे दिसले आहे की अंडी घालण्यासाठी लांब जाऊन आलेला मासाही उन्हाळ्यात त्याच जुन्या ओंडक्याकडे परततो. ओंडका बरोबर निवडला असेल तर तो मासा तिथेच आहे. तो केव्हा निघतो एवढीच वाट पाहायची असते, आणि माझ्याकडे तो पुष्कळदा मध्यरात्रीनंतर निघाला आहे.

---

डोहशोधक

तुमच्या नदीत ओंडके ठरलेले असतात, आमच्या खडकाळ पात्रात बसायच्या जागा शेकडो असतात. फरक बहुधा तिथेच असावा.

---

मीरा_कॅरोलायना

मूळच्या नदीत मोठा मासा का सोडावा, याचे आणखी एक कारण कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. गोड्या पाण्यातल्या अनेक शिंपल्यांची पिल्ले काही आठवडे माशाच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि प्रत्येक शिंपल्याला ठरावीक जातीचेच मासे लागतात. मॅपललीफ आणि पिस्टलग्रिप या शिंपल्यांना फ्लॅटहेड चालतो. त्या शिंपल्या पाणी गाळतात. तेव्हा ओहायो किंवा मिसिसिपीच्या खोऱ्यात फ्लॅटहेड जपणे म्हणजे नदीचा तळ जपणे होय. आमच्या केप फिअरमध्ये मी त्याला ठेवते, त्यामागेही हीच तळमळ आहे.

---

नदीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला मिळाले आहे. मीराताईंचे सॅटिलाचे उदाहरण आणि भीमातीर काकांनी लिहिलेले शिवडा-मागूर हे दोन्ही वाचल्यावर शंका राहिली नाही. सस्क्वेहॅनात मिळालेला प्रत्येक फ्लॅटहेड मी ठेवणार आहे, मोठा असला तरी. गळ_आणि_दोर यांनी लिहिल्याप्रमाणे पहिल्या मोठ्या माशाला हात अडखळेल, पण तरीही ठेवणार. टेक्सासला आलो की ट्रिनिटीवाला यांच्यासोबत पूर्वीसारखे सोडणार.

एकच विचारायचे आहे. येत्या आठवड्यात जुनियाटा नदीवर जाण्याचा विचार आहे. तिथे काय करावे?

---

डोहशोधक

जुनियाटा हॅरिसबर्गच्या वरच्या बाजूला सस्क्वेहॅनालाच मिळते, म्हणजे खोरे तेच. मिळाला तर ठेवा. आणि आमिषाचे मासे तिथेच पकडा, हॅरिसबर्गहून बादली भरून नेऊ नका. संगमाच्या खालच्या अंगाला, दोन्ही पाणी मिसळते त्या रेषेवर, अंधार पडायच्या अर्धा तास आधी दोरी पाण्यात असू द्या.